न लिहिलेले दोन इंच

"खोडून टाक ते."

"नाही खोडणार."

"अगं, एक बटण दाबायचं. तूच सांगत असतेस ना, कॉम्प्युटरवर सगळं एका बटणात होतं म्हणून? मग दाब की. ढग गायब, त्रिकोण गायब. कोरा करकरीत कागद घेऊन जा त्या बाईपुढे."

"बाबा, नकाशात चूक दुरुस्त केली की तिच्याभोवती ढग काढायचा, बाजूला त्रिकोणात आकडा घालायचा आणि खाली तारखेसकट आपली सही करायची. तसा नियमच आहे."

"नियम गेला खड्ड्यात. नोकरी मागायला जाताना कुणी गुडघ्यावरची खपली दाखवत नाही."

"मला दाखवायचीय."

"मग बस जन्मभर त्या रंगाच्या दुकानात डबे हलवत."

एमिल हुडाकने काटा हवेत उगारला होता आणि त्याच्या टोकाला कोबीचं पान लोंबत होतं. टेबलाच्या पलीकडे त्याची मुलगी कोरिन तो नकाशा दोन्ही हातांनी दाबून बसली होती, जणू बाप आत्ता झडप घालून तो चुलीत टाकणार आहे. बाप एकाहत्तरचा, लेक चव्वेचाळीसची. आवाज मात्र दोघांचा एकाच भट्टीतून निघालेला.

"दोघं आधी जेवा," कोरिनची आई ल्युबा म्हणाली. "नूडल्स गार होतायत. आणि एमिल, तो काटा खाली ठेव. माझ्या पडद्यावर लोणी उडतंय."

मंगळवारची संध्याकाळ होती. गुरुवारी सकाळी दहाला कोरिनला व्हॉसबाईंच्या नकाशा कचेरीत मुलाखतीला जायचं होतं, आणि ती जागा मिळाली नाही तर घरबांधणीच्या धंद्याशी तिचा संबंध संपणार होता. दुसरी अशी कचेरी त्या खोऱ्यात नव्हती. उरलं होतं ते रंगाचं दुकान. तिथं गेला हिवाळाभर ती शनिवार-रविवारी लोकांना पांढऱ्या रंगाच्या सतरा छटा दाखवत होती, आणि सतराही छटा तिला सारख्याच दिसत होत्या.

बावीस वर्षं बापलेकींनी मिळून घरांचे लाकडी सांगाडे उभे केले. यंग्सटाउनपासून थेट पेनसिल्व्हेनियाच्या हद्दीपर्यंत, कुणाला घर बांधायचं असलं की ठेकेदार म्हणायचा, हुडाककडे जा, भिंती ओळंब्यात मिळतील. मग तीन हिवाळ्यांपूर्वी कोरिनचा उजवा खांदा निखळला. डॉक्टर म्हणाले, यापुढे डोक्यावर हात नेऊन वजन उचलायचं नाही. सुताराला हे सांगणं म्हणजे, पोहा पण पाण्यात उतरू नका, असं सांगण्यातला प्रकार. वर्षभर ती नुसती चिडचिड करत होती. मग एका सकाळी कुणाला न सांगता ती बंद पडलेल्या पोलाद कारखान्याच्या पलीकडच्या कम्युनिटी कॉलेजात गेली आणि वास्तू-आरेखनाच्या, म्हणजे घरांचे नकाशे काढायच्या, दोन वर्षांच्या वर्गात नाव घालून आली.

पहिल्या दिवशी शेजारच्या बाकावरच्या पोराने तिला विचारलं, "मॅडम, हजेरी कधी घेणार?"

"मॅडम तुझ्यासारखीच फी भरून आल्यात," ती म्हणाली. "पेन्सिल दे एक, विसरलेय."

त्या वर्गाला शिकवायचे टीग सर. उंच, वाकलेले, कानामागे कायम पेन्सिल. पहिला महिनाभर त्यांनी कॉम्प्युटरला हातच लावू दिला नाही. नुसतं अक्षर काढायला लावलं. "कडाक्याच्या थंडीत शिडीवर लोंबकळणाऱ्या माणसाला वाचता येईल असं काढा," ते म्हणायचे. कोरिनला हे सांगायची गरजच नव्हती. तो शिडीवरचा माणूस तीच होती.

त्या कॉलेजची एक रीत होती. आरेखनाच्या वर्गातल्या प्रत्येकाने दुसऱ्या वर्षी एकेक छोटं घर काढायचं. वर्गाने त्यातलं एक निवडायचं. मग खालच्या मजल्यावरच्या सुतारकामाच्या वर्गाने ते मागच्या आवारात खरोखर बांधायचं. उन्हाळ्यात कुणीतरी ते विकत घेऊन मोठ्या गाडीवर चढवून घेऊन जायचं. यंदा वर्गाने कोरिनचं घर निवडलं. खोल्या दोन आणि खिडक्या अकरा.

"अकरा?" एमिल म्हणाला होता. "भिंती कुठं ठेवणार आहेस?"

तोही त्या आवारात होताच. सुतारकाम शिकवणाऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, तेव्हा कॉलेजने एमिलला दोन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. सगळा वर्ग त्याला एमिलकाका म्हणू लागला. तो सगळ्यांना शिव्या देऊ लागला. सगळे खूश होते.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात खिडक्या आल्या, आणि अकरापैकी एकही भिंतीत बसेना.

कोरिनला वरून बोलावून आणलं, तेव्हा खिडक्या प्लास्टिकच्या वेष्टनात भिंतीला टेकून उभ्या होत्या. समोर हातात मोजपट्टी घेऊन बर्नडीन कुचार उभी होती. बर्नडीनने सव्वीस वर्षं बँकेच्या खिडकीत काढली होती आणि निवृत्त झाल्यावर, आता स्वतःच्या हाताने काहीतरी उभं करायचंच, म्हणून ती सुतारकामाला आली होती.

"कागदावर तीन फूट लिहिलंय," बर्नडीन म्हणाली. "मी तीन फूट कापलं. पट्टी लावून बघा. केसभर फरक निघाला तर माझं नाव बदला."

"तिथंच तर घोळ झाला ना, बाई," एमिल म्हणाला. "खिडकी तीन फुटांची. भोक तीन फूट दोन इंचांचं लागतं. चारी बाजूंनी पाचर मारून खिडकी ओळंब्यात बसवायला जागा नको? हे काय सांगायला लागतं?"

"मला लागतं. मी तेच शिकायला आलेय."

"सगळ्या सुतारांना माहीत असतं ते."

"मी सुतार झाले की मलाही माहीत असेल. अजून झाले नाही ना, एमिलकाका."

कोरिनने आपला तिसरा कागद उघडला. खिडक्यांची यादी तिथं होती. खिडकीचं माप होतं, काच कुठली ते होतं, उघडायची कशी तेही होतं. भिंतीत केवढा गाळा सोडायचा, तो रकानाच तिने आखला नव्हता.

टीग सर जिना उतरून आले. त्यांनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. "मी तपासला होता हा कागद," ते म्हणाले. "मलाही दिसलं नाही. तीस वर्षं पाठ असलेली गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही." पेन्सिल कानामागून काढून त्यांनी कोरिनच्या हातात ठेवली. "नवा कागद काढा. ढगासकट."

पुढचे दोन आठवडे सगळा वर्ग ठोकलेले खिळे उपसत बसला. कोरिनने डाव्या हाताने उपसले. बर्नडीनने अकराच्या अकरा गाळे पुन्हा कापले, पुन्हा अगदी कागदाबरहुकूम, आणि या वेळी खिडक्या अलगद आत गेल्या. नव्या कागदावर नवा रकाना होता, त्याभोवती ढग, त्रिकोणात एकचा आकडा, आणि खाली 'को. हु.'

हाच तो कागद, ज्यावरून मंगळवारी जेवणाच्या टेबलावर जुंपली होती.

"मला एक कळत नाही," ल्युबा नवऱ्याला वाढता वाढता म्हणाली. "कागद तिचा, चूक तिची, ढग तिचा. तू का एवढा तापलायस?"

एमिल नूडल्स चिवडत राहिला.

"मला तर आवडला ढग," ल्युबा म्हणाली. "झालरीसारखा काढलाय."

गुरुवारी सकाळी आई चर्चच्या तळघरात शुक्रवारच्या विक्रीसाठी पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, वळायला गेली आणि कोरिन कागदांची गुंडाळी घेऊन न्हाव्याच्या दुकानावरच्या व्हॉसबाईंच्या कचेरीत गेली. व्हॉसबाई साठीच्या, केस आखूड, चष्मा गळ्यात साखळीला. त्यांनी एकेक कागद उलटला. तिसऱ्यावर आल्या आणि थांबल्या.

"हा ढग कसला?"

"गाळ्याची मापं लिहायची राहिली होती. अकरा खिडक्या बसल्या नाहीत. भिंती फोडाव्या लागल्या."

"तुम्ही बावीस वर्षं सुतारकाम केलंय, असं इथं लिहिलंय."

"हो."

"मग तुमच्याकडूनच कसं राहिलं?"

कोरिनने उत्तर तयार ठेवलं होतं. सुतारांना ते माहीतच असतं, म्हणून. बापाचंच वाक्य. ते जिभेवर आलंही होतं, पण त्याच वेळी तिला डोळ्यांपुढे दिसलं की बांधकामावर नकाशा बापाच्या हातात कधी नसायचाच. तो करवत घेऊन खाली उभा असायचा. ती ट्रकच्या बॉनेटवर कागद पसरून ओरडायची, "तीन फूट दोन!" आणि तो कापायचा. कागदावर असायचं तीन फूट. दोन इंच ती बोलता बोलता घालायची. बावीस वर्षं.

"मी तो असा काढला होता," ती सावकाश म्हणाली, "की जणू कागदाशेजारी मीही उभी असणार आहे. वाचून दाखवायला."

व्हॉसबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, तिच्याकडे पाहिलं, मग कपाटातून एक गुंडाळी काढून तिच्यापुढे टाकली. "आमचं काम आहे. मागच्या बाजूला स्वयंपाकघर वाढवायचंय. उद्या ठेकेदाराकडे जातंय. तुम्ही तिथं नसणार आहात असं समजून वाचा."

अर्ध्या तासाने कोरिनने पेन्सिलीने तीन ठिकाणी खूण केली होती. "या पायऱ्यांची उंची कशापासून धरायची? नुसत्या फळ्यांपासून, की वर फरशी बसल्यावर? लिहिलेलं नाही. पहिली पायरी पाऊण इंचाने चुकेल आणि घरातली म्हातारी माणसं तिथंच ठेचकाळतील."

"हा कागद मी स्वतः काढलाय," व्हॉसबाई म्हणाल्या.

"बरं," कोरिन म्हणाली.

व्हॉसबाईंनी तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि पायऱ्यांभोवती आपल्या हाताने ढग काढायला घेतला. मान वर न करता म्हणाल्या, "सोमवारपासून या. सकाळी आठ ते एक. मे महिन्यात तुमची परीक्षा झाली की पूर्ण वेळ. आणि डबा घरून आणा. खाली न्हाव्याकडे फक्त कॉफी मिळते, तीही वाईट."

कोरिन तिथून सरळ कॉलेजच्या मागच्या आवारात गेली. वर्ग जेवणाच्या सुट्टीत पांगला होता. हत्यारांच्या शेडमध्ये एमिल एकटाच खोक्यावर बसून सँडविच खात होता.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं. सोमवारपासून."

त्याने घास चावून संपवला. मग दुसरा घेतला. "कागद कुठला दाखवलास?"

"ढगाचा."

"आणि?"

"आणि तिने विचारलं, कसं राहिलं म्हणून."

"माझं नाव सांगितलंस?"

"तुझं नाव कशाला सांगू? नकाशा मी काढला."

"भिंती उभ्या होत होत्या तेव्हा मी इथं उभा होतो. आठवडाभर. तो कागद त्या खिळ्यावर टांगलेला होता." एमिलने सँडविच कागदात गुंडाळून बाजूला ठेवलं. "एकदाही बघितला नाही मी. बर्नडीनने दोनदा विचारलं, काका, तीनच फूट ना? मी म्हटलं, कागदावर असेल तेच. मला वाटलं, तूच काढलायस म्हणजे त्यात सगळं आलं असेल."

"म्हणून खोड म्हणत होतास?"

"चूक माझीही, आणि ढग तुझ्या एकटीच्या नावाचा. तो रोज बघायचा म्हणजे..." त्याने वाक्य सोडून दिलं. "तू वाचायचीस, मी कापायचो. मला ती सवयच नाही. त्या बारीक रेघा, बाण, आकडे. ठेकेदारासमोर मी नुसती मान हलवायचो."

हे कोरिनला माहीत नव्हतं असं नाही. पण त्याच्या तोंडून ते तिने आज पहिल्यांदा ऐकलं. ती त्याच्या शेजारच्या खोक्यावर बसली. बाहेर तिच्या घराच्या अकरा गाळ्यांत अकरा काचा उन्हात चमकत होत्या आणि वर छपराची जागा मोकळी होती.

"पुढच्या आठवड्यात छप्पर सुरू होणार ना?"

"सोमवारी."

"सोमवारी मी व्हॉसबाईंकडे असेन. आठ वाजता." तिने कामाच्या टेबलावरचा पाचवा कागद त्याच्याकडे सरकवला. तिरप्या वाशांचा होता तो. "यात मी सगळं लिहिलंय. कुठं कापायचं, किती कापायचं, कुठल्या टोकापासून मोजायचं. बर्नडीनला दाखवून घेतलंय, तिला कळलं. आता तुलाही कळतंय का, ते मला हवंय. इथं बसून एकदा वाचशील? माझ्यासमोर? अडलास तर तिथं मी आणखी लिहीन."

एमिलने हात पँटला पुसले, आधी पंजे, मग पालथे. खिशातून चष्मा काढला, फुंकर मारून साफ केला, नाकावर ठेवला आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. बोट पहिल्या बाणापर्यंत गेलं, थांबलं, परत मागे आलं. बाहेर बर्नडीन कुणाला तरी मोठ्याने विचारत होती की काका कुठं गेलेत.

तो उठला. त्याने कागदाची गुंडाळी केली, ती काखेत धरली, आणि "तुझ्यासमोर नको. बर्नडीनला विचारत विचारत वाचतो," म्हणत बाहेर आवारात निघून गेला.