हाताचा गुण

आमच्या मोठ्या सिस्टरना सुखाची बातमी सांगा नाहीतर दुःखाची, त्या एकच शब्द विचारायच्या, "कशावरून?" लोहाऱ्याजवळच्या आमच्या आरोग्य केंद्रात सगळे त्यांना माघारी 'कशावरूनबाई' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं. कशावरून, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

दुष्काळाचे दिवस होते. गावचे सरपंच रक्तदाब तपासायला येत आणि दंडाला पट्टा बांधून घेता घेता म्हणत, "यंदाबी पाऊस न्हाय, सिस्टर."

"कशावरून?"

"मागल्या साली पडला न्हाय."

"त्याच्या आधी?"

"कधी पडायचा, कधी न्हाय."

"मग ठाऊक न्हाय, एवढंच म्हणा. पडंल असं म्याबी म्हणत न्हाय."

सरपंच 'ठाऊक न्हाय' म्हणत घरी गेले. रक्तदाब होता तेवढाच होता.

त्याच साली मी शिकून नवी नर्स म्हणून तिथं रुजू झाले. शिकत असताना शेवटच्या बाळंतपणात माझ्या हातात मेलेलं मूल आलं होतं. तेव्हापासून बाळंतिणीजवळ गेलं की माझे हात थरथरत. पहिल्याच दिवशी मी सिस्टरना सांगून टाकलं, "मी पट्ट्या बांधीन, लस टोचीन, हत्यारं उकळीन. बाळंतपण सांगू नका. माझ्या हाताला गुण नाही."

"कशावरून?"

मी सगळं सांगितलं. मूल पायाळू होतं. बाई दोन दिवस कळा देऊन बैलगाडीतून आली होती.

"त्या दोन दिसांत तुझा हात कुठं व्हता?"

"वसतिगृहात."

"त्याच्या आधी किती बाळंतपणं केलीस?"

"एकोणीस."

"ती पोरं कशी हायती?"

"बरी असतील."

"तुझा हात लागूनबी?"

मला पटलं होतं. हातांना पटलं नव्हतं. सिस्टरनी त्यांची समजूत घातली नाही. एक जुनी वही दिली. बाळंतपणाला जाण्याआधी डाव्या पानावर काय होईल ते लिहायचं, परत आल्यावर उजव्या पानावर काय झालं ते. आधी नुसतं त्यांच्या शेजारी उभं राहायचं, काही दिवसांनी नाळ कापायची, मग मूल झेलायचं. डावीकडं मी लिहायची, 'मूल दगावणार.' उजवीकडं, 'मुलगी. रडली.' डावीकडं, 'हातातून निसटणार.' उजवीकडं, 'निसटलं नाही. माझ्या साडीवर शी केली.' सिस्टर वही वाचत आणि फक्त शुद्धलेखन दुरुस्त करत.

एका दुपारी पाझर तलावाच्या कामावरून माणूस धावत आला. कलावती नावाच्या बाईला माती वाहता वाहताच कळा सुरू झाल्या होत्या.

"तू जा," सिस्टर म्हणाल्या.

"आणि तुम्ही?"

"मला काम हाय." त्यांना काहीही काम नव्हतं.

"हात थरथरतायत, सिस्टर."

"थरथरू दे. तसंच जा."

बाभळीखाली बायकांनी लुगड्यांचा आडोसा धरला होता. मूल आलं ते मानेला नाळेचे दोन वेढे घेऊन. रडेना. झालं, मला वाटलं, आलं माझ्या हाताचं फळ. असं वाटत असतानाच त्याच हातांनी वेढे सोडवले, तोंड पुसलं, तळव्यांवर टिचक्या मारल्या. मग ते असं ओरडलं की मुकादम काम थांबवून पाहायला आला. बायकांनी त्याला हाकलून दिलं.

परत येऊन मी उजव्या पानावर लिहिलं, 'मुलगा. दोघं बरी.' सिस्टरनी डावं पान पाहिलं. "हे कोरं का?"

"घाईत लिहायचं राहिलं."

त्यांनी वही मिटली आणि कपाटात ठेवून दिली. पुन्हा मागितली नाही, मीही मागितली नाही.

पुढच्या वर्षी त्यांची मुरुमला बदली झाली. निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. सकाळच्या एसटीनं ट्रंक घेऊन गेल्या. दोन-चार पत्रं आली, त्यांत मुख्यतः माझी चौकशी आणि मुरुमच्या पाण्याची तक्रार असे. पुढं पत्रंही थांबली.

मी निवृत्त होईपर्यंत बाळंतपणं करत राहिले. सगळीच मुलं जगली नाहीत. दोन माझ्या हातात गेली. दोन्ही वेळा त्या आयांजवळ बसून रडले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेवर दवाखाना उघडला.