ओली घोंगडी आणि दोन पारे

मे महिन्याच्या भर दुपारी लोकरीची घोंगडी पांघरून हिंडणारा माणूस परक्याला वेडाच वाटेल. आमच्या घरी ते शहाणपण होतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, मेंढरं राखायचे तेव्हा घोंगडीवर पाणी शिंपडून तिची खोळ डोक्यावर घ्यायचे आणि राजेश्वरच्या माळावर दिवस काढायचे. तापलेला वारा लागला की आत गारवा सुटतो, असं सांगायचे.

मी तेव्हा बिदरला बी.एस्सी. करत होते आणि मला सगळ्यात नाक खुपसायची सवय. कॉलेजातून दोन थर्मामीटर मागून आणले, एकाला ओली चिंधी गुंडाळली आणि दोन्ही अंगणातल्या लिंबाच्या सावलीत टांगले. कोरडा त्रेचाळीसवर, ओला तेवीसच्या आसपास! मी उड्याच मारल्या. आई करवादली, "उन्हात कामून नाचायलीस?" अप्पा मात्र वाकून वाकून दोन्ही पारे बघत होते. पाणी वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातं, हे मी त्यांना मास्तरणीच्या थाटात समजावलं.

पुढं माळ कमी झाले, अप्पांनी मेंढरं विकली आणि ते बिदरजवळच्या कोळारला सूत रंगवायच्या एका कारखान्यात लागले. शेडमध्ये उकळत्या रंगाच्या टाक्या आणि कोंडलेली वाफ. "जीव घाबरा व्हायलाय आत," एकदा म्हणाले. मी विचारलं, तिथला पारा किती? अडतीस. मला हसूच आलं. बाहेर त्रेचाळीस सोसणाऱ्याला अडतीसचं काय भय? घोंगडी घेऊन जा म्हटलं, आणि दुसऱ्या सकाळी मीच ती भिजवून दिली.

दुपारी निरोप आला, अप्पा शेडमध्ये पडले. दवाखान्यात ते मला ओळखेनात. अंगाला हात लावला तर चटका बसत होता. डॉक्टर म्हणाले, आत्ता काही सांगता येत नाही. तरी माझ्या डोक्यातला प्रश्न जाईना: त्रेचाळीसमध्ये तगणारा माणूस अडतीसमध्ये पडतो कसा? अशा वेळी असला प्रश्न पडतो याची मला लाज वाटली.

दोन दिवसांनी अप्पांनी आईला हाक मारून पाणी मागितलं. तेव्हा कुठं मी थर्मामीटर घेऊन शेडवर गेले. मुकादम नको नको म्हणत होता, पण पाच मिनिटं थांबू दिलं. कोरडा अडतीस. ओला सदतीस. त्या हवेत आधीच इतकं पाणी होतं की चिंधी वाळायलाच तयार नव्हती. मग घाम तरी कुठून वाळणार? आणि वरून लोकर. माणूस किती तापमानात जगतो हे एका आकड्यावर ठरत नाही, हे मला तिथं उभं राहून कळलं.

अप्पा उठून बसायला लागल्यावर मी सगळं कबूल केलं. त्यांना त्याचं काही नवल वाटलं नाही.

"तासाभरातच कळलं की मला," ते म्हणाले. "गारवा न्हाई, उलट गुदमरायलंय."

"मग ती आंगावर ठिवली कामून?"

"लेक शिकलेली," अप्पा म्हणाले. "माजंच कायतरी चुकायलंय, असं वाटलं मला."