आक्काचं फाटक आणि तीन तास

पन्नाशी ओलांडल्यावर मी पळायला लागलो, त्यामागे फार मोठं कारण नव्हतं. रक्तातली साखर काठावर आहे, रोज चाला, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मी चालू लागलो. माझी नोकरी हिशेब तपासण्याची, त्यामुळे किती चाललो हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. मुलीने फोनमध्ये अंतर मोजायची सोय करून दिली. मग चालण्याच्या मधे मधे थोडं पळणं आलं आणि हळूहळू चालणंच मधे मधे उरलं.

गणपती होऊन गेल्यावर गावात अर्धमॅरेथॉनचे फलक लागले. शर्यत थंडीत होणार होती. अंतर एकवीस किलोमीटर आणि वर साधारण शंभर मीटर, मुदत तीन तासांची. तीन तासांनंतर रस्ता वाहनांना खुला करणार, मागे राहिलेल्यांना गाडीत घालून आणणार आणि त्यांना पदक नाही. मला ते पदक हवं होतं. शाळेत मी कुठल्याही शर्यतीत भाग घेतला नव्हता. आता या वयात कोणाला हरवायचं नव्हतं, पण गाडीत बसून परत यायचं नव्हतं.

आमच्याकडे माझ्या वयाचा माणूस पहाटे रस्त्याने पळताना दिसला की लोकांना काळजी वाटते. पहिल्या आठवड्यात दूधवाल्याने स्कूटर थांबवून हलक्या आवाजात विचारलं, कोण गेलं. कोणी नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मग बसा मागे, सोडतो. नको म्हटलं तर त्याला ते लागलं. पुढे सगळ्यांना माहीत झालं आणि लोक नुसते हात करू लागले. एकदोघे मात्र अजूनही बसा म्हणतात.

लांब पळायचं ते रविवारी. भाट्याचा पूल ओलांडायचा, सुरूच्या बनाच्या कडेने सरळ जायचं, मग चढ चढून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर. दर रविवारी थोडं अंतर वाढवत मी सोळा किलोमीटरपर्यंत आलो. म्हणजे आठ जायचं आणि आठ यायचं. आमच्या घरापासून आठ किलोमीटर नेमके भरत होते ते माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, फाटकाशी. चार पावलं अलीकडे नाही की पलीकडे नाही.

त्या रविवारी मी तिथे पोचलो, फाटकाच्या जांभ्या चिऱ्याच्या खांबाला हात लावला, फोनवर आठचा आकडा पाहिला आणि मागे वळलो. आक्का अंगण झाडत होती. तिने पाहिलं आणि तिने पाहिल्याचं मलाही दिसलं. पण श्वास असा लागला होता की हाक मारणं जमलं नाही. हात केला असं मला वाटतं. ती म्हणते केला नाही.

मी घरी पोचेपर्यंत बायकोला दोन फोन येऊन गेले होते. ती दारातच उभी होती.

"आक्कांनी विचारलंय, त्यांचं काय चुकलं?"

बहिणीच्या दारापर्यंत येऊन पाणी न पिता परत फिरायचं, हे आमच्याकडे दोनच कारणांनी घडतं. भांडण झालेलं असतं, नाहीतर सुतक असतं. आक्काने आधी आमच्या सगळ्या नातेवाइकांकडे फोन करून सुतक नाही याची खात्री केली होती. म्हणजे तिच्या लेखी भांडण उरलं होतं. मी फोन लावला आणि सोळा किलोमीटरचं गणित समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"खांबाला हात लावून परत पळालास," ती म्हणाली. "माझ्या दारात खो-खो खेळतोस काय, मेल्या?"

बायकोने उपाय सुचवला. आक्कांच्या घराच्या अलीकडे फणसाचं वळण आहे, तिथूनच फिरा. मी म्हटलं, तिथून फिरलं तर जाऊन येऊन तीनशे मीटर कमी पडतात आणि मग त्याला सोळा म्हणता येत नाही. ती म्हणाली, मग ते तीनशे आपल्या आळीत पळा. हिशेब बरोबर होता. पण वळणापर्यंत येऊन परत गेल्याचं वाडीतल्या कोणीतरी आक्काला सांगितलंच असतं आणि ते दारातून परत फिरण्याहून वाईट झालं असतं.

तेव्हा मी दर रविवारी आत जाऊ लागलो. पाणी प्यायचं आणि निघायचं, असं ठरवून गेलो होतो. पहिल्याच दिवशी पडवीत बसतो न बसतो तोच ताटात घावणे आले, शेजारी गूळ घातलेलं नारळाचं दूध. माझी साखर काठावर आहे म्हटल्यावर आक्का म्हणाली, एवढं पळतोयस ते कशाला मग? भावोजींची आंब्याची बाग आहे. ते समोर बसून या वर्षी मोहर कसा उशिरा आला आणि तुडतुडे कसे लवकर आले, ते सांगत. त्यांना मधेच तोडणं मला जमत नसे. उठेपर्यंत अर्धा तास जाई आणि परतीचे पहिले दोन किलोमीटर घावणे पोटात डुचमळत.

फाटकातून आत शिरताना मी फोनमधलं घड्याळ थांबवायचो आणि बाहेर पडताना सुरू करायचो; आक्का ते बघत असायची. वेळ चांगली येत होती. त्या गतीने एकवीस किलोमीटर तीन तासांत सहज बसत होते. पण मला ठाऊक होतं की हे सोळा नाहीत, हे दोनदा आठ आहेत. मधला अर्धा तास मी वजा करत होतो. दुसऱ्या कोणाच्या हिशेबात असं वजा केलेलं मी चालवून घेतलं नसतं.

शर्यत सुटणार ते मैदान आमच्या घरालगतच. रस्ता हाच होता, फक्त आक्काच्या फाटकाच्या पुढे अडीच किलोमीटर जाऊन परत फिरायचं होतं. शेवटच्या रविवारी मी तिला ते सांगितलं.

"म्हणजे दारावरून जाणार," ती म्हणाली.

"जाणार."

"जातानाही आणि येतानाही."

"दोन्ही वेळा."

तिने माझ्या कपात उरलेला चहा ओतला आणि भावोजींना बागेला पाणी किती वाजता लावणार ते विचारलं. तो विषय तिथेच संपला.

शर्यतीच्या सकाळी अंधारातच सगळे सुटले. पहिल्या किलोमीटरमध्ये माझ्या मुलीच्या वयाची पोरं भराभर पुढे गेली. मी माझ्या गतीने राहिलो. पूल गेला, बन गेलं, चढ गेला. उजाडलं तेव्हा मी फणसाच्या वळणावर होतो. पुढे आक्काचं फाटक लागलं. ते बंद होतं. घराचं दारही लावलेलं. एरवी या वेळी आंघोळीच्या पाण्याची चूल पेटलेली असते, धूर दिसतो. त्या दिवशी धूरही नव्हता. मी खांबाकडे न बघता पुढे गेलो, पण पुढचे अडीच किलोमीटर माझं लक्ष पळण्यात नव्हतं.

परत फिरलो तेव्हा वेळेत होतो. मग मात्र पाय जड होऊ लागले. तोवर माझे पाय आठ किलोमीटरनंतर बसायला शिकले होते आणि आता बारा होऊन गेले तरी कोणी त्यांना बसू देत नव्हतं. मनात गणित केलं तर गरजेपेक्षा दोनच मिनिटं हाताशी होती. पुढचे दोघं चालत होते. त्यांना पाहून मलाही चालावंसं वाटलं.

फाटक दिसलं ते सताड उघडं. रस्त्याच्या कडेला वाडीतल्या चारपाच बायका, भावोजी हातात झाकलेली ताटली घेऊन उभे, आणि त्यांच्या पुढे आक्का. पदर खोचलेला, हातात तांब्या. मी आपोआप हळू झालो.

"थांबलास तर घरात घेणार नाही," ती म्हणाली.

आणि ती माझ्या बाजूने पळू लागली. साठीला आलेली बाई, अनवाणी, डांबरी रस्त्यावर. तांब्या माझ्या हातात दिला आणि पी म्हणाली. मीठ, साखर आणि कोकम घातलेलं पाणी होतं. अर्धं तोंडात गेलं, अर्धं सदऱ्यावर. भावोजी ताटली घेऊन दोन पावलं मागे आले तर तिने मागे न बघताच, ते राहू दे, म्हणून सांगितलं. मागे बायका हसत होत्या. तिच्या बागेचा चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, संपेपर्यंत ती माझ्यासोबत आली. आमची गती एकच होती, हेही इथे लिहायला हवं. गडग्याच्या टोकाशी तिने तांब्या काढून घेतला.

"जा आता. वेळ घालवू नको."

उरलेले आठ किलोमीटर मी चाललो नाही. पुलावर वारा समोरून होता, तिथे गती कमी झाली. गावातला शेवटचा चढ मी कसा चढलो ते आठवत नाही. बायको मैदानाच्या तोंडाशी उभी होती. घड्याळाकडे बोट दाखवत ती काहीतरी सांगत होती, पण मला फक्त आकडा दिसत होता. दोन तास छप्पन मिनिटं.

संध्याकाळी पदक घेऊन आम्ही दोघं स्कूटरने आक्काकडे गेलो. तिने ते तळहातावर घेऊन पाहिलं, उलटं केलं आणि हलकं आहे म्हणाली. सकाळी दार का बंद होतं, ते मी विचारलं.

"जाताना मी दिसले असते तर तू आत आला असतास," ती म्हणाली. "तुला सवय लागली होती."

मग तिने किती वेळ लागला ते विचारलं. मी सांगितलं.

"माझ्याकडचा वजा करून?"

"नाही," मी म्हटलं. "सगळा धरून."

तिने पदक भावोजींच्या हातात दिलं. ते उजेडात नेऊन पाहू लागले.

"मग बस आता," आक्का म्हणाली आणि तवा ठेवायला आत गेली.