तात्यांची कबनूरची बाई

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत तेव्हा कुजबुज अशी होती, की आकारामतात्यांनी अडुसष्टाव्या वर्षी कबनूरला बाई ठेवलीय.

मी काही लावालावी करणारा माणूस नव्हे. कानावर आलेलं पुढं पोचवतो, इतकंच. पण ही कुजबुज हवेतून आलेली नव्हती. पुरावे होते, आणि ते चौकातनं सगळ्यांना दिसत होते.

तात्या टेलर. पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमचे शर्ट-चड्ड्या जन्मभर त्यांच्याच मशीनवर शिवल्या गेल्या. निम्म्या पेठेच्या कमरेची मापं त्यांना तोंडपाठ, आणि ती भर चौकात सांगायची वाईट खोड. "तुजं पोट न्हवं, पेठेचा नवा वॉर्ड हाय," असं एकाला म्हणाले, तर तो बिचारा चार महिने दुसऱ्या गल्लीतनं घरी जायचा. स्वतः कायम पांढरी विजार, पांढरा सदरा. दुसऱ्याच्या कपड्यावर डाग दिसला की झालंच. एका लग्नाच्या पंगतीत नवरदेवाच्या मामाला त्यांनी मोठ्यांदा विचारलं होतं, "पावणं, तांबडा रस्सा वाटीत घेतलासा का विजारीत?" मामा जेवण सोडून उठला. आम्ही हसून बेजार.

असा हा माणूस. त्याचं कसलंसं पोटाचं ऑपरेशन झालं, असं आम्हाला सांगण्यात आलं. शहाळी पोचली, भेटणारे भेटून आले, तात्या हिंडायला लागले. पण हिंडू लागलेले तात्या वेगळेच. पांढरी विजार गेली, गडद निळी आली, तीही चांगली ढगळ. अंगाला अत्तर. कट्ट्यावर बसेनात, बोलायचं ते उभ्यानं. चहा सुटला. कपडे स्वतः धुवायला लागले आणि अंथरूण दुकानात नेलं. आणि दर गुरुवारी रेक्झिनची पिशवी काखेत मारून कबनूरची बस.

चौकात कृष्णातचं सलून आहे. त्याच्या वस्तऱ्याला धार कमी आणि जिभेला जास्त. त्यानं विचारलं, "तात्या, कबनूरला काय एवढं?"

"सूत बघाय जातोय."

"टेलरला सूत कशाला वो? कापूस पण तुमीच पिकीवणार का काय आता?"

सलून हसलं. तात्यांना तिथल्या तिथं ते मोडून काढता आलं असतं. त्यांनी नुसता मिशीवरनं हात फिरवला. आता अत्तर लावलेल्या माणसानं मिशीवरनं हात फिरवल्यावर पेठेनं काय समजायचं?

बयाबाईला, म्हणजे तात्यांच्या मंडळींना, हे भाजीवालीकडून कळलं. ती रडणारी बाई नव्हे. पुढच्या गुरुवारी तात्या पुढच्या बसनं गेले, ही मागच्या. कबनूरला उतरल्यावर दोन ठिकाणी विचारलं, "निळी इजार, अत्तराचा वास, असा म्हातारा बघितलासा का?" अत्तरामुळं माग काढणं सोपं गेलं.

गल्लीत दोन्ही अंगांना यंत्रमागाचे कारखाने. खटखट अशी, की शेजारच्याला हाक मारायची तर दंडाला धरावं लागतं. एका कारखान्याला लागून खोली होती, तिच्या दारात तात्या आत बोलावण्याची वाट बघत उभे. दार एका तरण्या पोरीनं उघडलं, हसून तात्यांना आत घेतलं आणि दार लावलं. बयाबाईनं पायातली चप्पल हातात घेतली आणि खिडकीखाली उभी राहिली. आत दोघं मोठमोठ्यानं बोलत होती, पण मागाच्या आवाजात एक शब्द लागत नव्हता.

आणि लाईट गेली.

सगळे माग एका दमात थांबले. गल्ली मुकी झाली. तात्यांचं मात्र वाक्य सुरू झालेलं होतं, खटखटीच्या वरचढ आवाजात, ते तसंच रस्त्यावर आलं.

"हसलो तरी हुतंय, शिंकलो तरी हुतंय. मुताय कवा झालं ते मलाच कळत न्हाय, बाई. बायकूशेजारी झोपायची लाज वाटती मला."

समोरच्या कारखान्याच्या दारात दोन कामगार वारा घ्यायला आले होते. एक दुसऱ्याकडं बघून हसला. बयाबाईनं चप्पल पायात घातली, त्या दोघांकडं असं बघितलं की ते आत गेले, आणि ती आली तशी बसनं परत फिरली.

तात्या घरी आले तर अंथरूण आतल्या खोलीत.

"हे कुणी आणलं?"

"मी. दुकानात उंदरं झाल्यात."

"मला खोकला हाय. तुजी झोपमोड हुईल."

"मला आताशा ऐकू कमी येतंय. आणि नाक तर सर्दीनं कवाच गेलंय माजं."

ही सर्दी पुढं पावसाळा संपला तरी हटली नाही. तात्यांनी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. पाण्याच्या नळावर बायकांनी खोचून विचारलं, "बयाक्का, कबनूरचं खरं हाय व्हय?" तर ही म्हणाली, "हाय की. तुमच्या दाल्ल्यास्नी कोण इचारतंय का बघा आदी." नवरा बाहेरख्याली म्हटलेला तिनं चालवून घेतला. तो चौकात ओल्या विजारीचा म्हातारा ठरू नये, एवढंच तिनं बघितलं.

हे असं निभावलं असतं. पण तात्यांना ताप आला आणि दोन गुरुवार चुकले. फोन नंबर त्यांनी लाजेपायी खोटाच दिलेला. तिसऱ्या आठवड्यात ती पोरगी, संघप्रिया तिचं नाव, कोल्हापुरात काही कामानं आली होती, ती विचारत विचारत चौकात आली. "आकाराम टेलर कुठं राहतात?" विचारलं नेमकं कृष्णातला. तात्या तिथंच उभे होते, ताप उतरल्यावर पहिल्यांदा बाहेर पडलेले.

कृष्णातला एवढंच पाहिजे होतं. "तात्या, तुमचं कबनूर चालत आलं बघा. म्हातारपणी बी निवड झ्याक हाय."

सलून हसलं. पोरीला आधी कळलं नाही, मग कळलं. कानापर्यंत लाल झाली. "काय म्हणायचंय तुम्हाला?" म्हणाली. तिनं तात्यांकडं बघितलं. तात्यांनी एक शब्द सांगितला असता तर मिटलं असतं, आणि तात्या जमिनीकडं बघत उभे. ती वळली आणि चालायला लागली.

समोर दुकानाच्या पायरीवर बयाबाई उभी होती. तात्यांकडं बघत राहिली फक्त.

"थांब, पोरी," तात्या म्हणाले.

त्यांनी खाली वाकून विजारीची एक तंगडी धरली. नडगीवर त्यांनी स्वतःच शिवलेली चेन होती, ती उघडली. आत पट्ट्यांनी पायाला बांधलेली प्लास्टिकची पिशवी, वरनं आलेली नळी, आणि पिशवीत जे असायचं ते.

"कृष्णात, बघून घे. ही पोरगी फिजिओथेरपीवाली हाय. मशीन लावून, पडद्यावर रेघ दावून मला आवळून धराय शिकीवती. दोन वर्साचं पोरगं शिकतंय, ते मी अडुसष्टाव्या वर्सी शिकाय लागलोय. तिच्याबद्दल काय बोललास तर तुज्याच वस्तऱ्यानं तुजी मिशी काढीन."

कुणी हसलं नाही. मामाच्या विजारीला हसलेले आम्ही सगळे तिथं होतो. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या गालावरचा फेस वाळला.

तात्या चेन लावायला गेले तर ती कापडात अडकली. बयाबाई पायरी उतरून आली, वाकली, कापड जरा खाली ओढलं आणि चेन सर्रकन लावून टाकली. रोजची सवय असल्यासारखी.

तात्यांनी तिच्याकडं बघितलं. "तुला ठावं हुतं?"

"चला घरला. पोरगी उन्हातनं आलीया, च्या टाकते."

त्यानंतर महिनाभर तात्या चौकात फिरकले नाहीत. गुरुवारची बस तेवढी चुकवली नाही, आणि त्या बसला बयाबाई बरोबर असायची.

कबनूरला बाई नव्हती. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर आकारामतात्यांचा लघवीवरचा ताबा गेला होता, आणि त्यावरच्या उपचारासाठी ते दर गुरुवारी तिथं जात होते.