खिडकी वीतभर, ज्योत निळी

या जगात पूर्णपणे सुरक्षित अशी एकच खोली असते, आणि ती म्हणजे जिच्यात माझ्या शेजाऱ्याचे सासरे बसलेले असतात. हे मी पुराव्यानिशी सांगू शकतो, कारण ते बसलेले नव्हते अशा एका खोलीत काय होतं तेही मी पाहिलं आहे. ती खोली माझीच होती.

ग्रोनिंगनमध्ये आम्ही एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. खाली माझ्याच ऑफिसातला एक मित्र आणि त्याची बायको. दर हिवाळ्यात तिचे वडील तीन महिन्यांच्या व्हिसावर यायचे. ते खरं म्हणजे एकट्या माझ्या मित्राचे सासरे, पण गावातली सगळी मराठी मंडळी त्यांना सासरेबुवा म्हणत आणि सासऱ्याला द्यावा तेवढा मान देत, थोडंसं घाबरूनच. इतरांचे आईवडील ट्यूलिप बघायला वसंतात येतात. हे मात्र ऐन कडाक्याच्या थंडीत. कारण विचारलं तर म्हणत की साखर कारखान्याचा गळीत हंगाम हिवाळ्यातच असतो, आणि हंगामात बॉयलरवाला घरी बसून राहिला तर त्याची तब्येत बिघडते. सांगलीकडच्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं बॉयलर सांभाळला होता. फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पासपोर्टबरोबर आणलेलं असे. शिफोल विमानतळावरच्या अधिकाऱ्याने येण्याचं कारण विचारलं तेव्हा त्यांनी पासपोर्टआधी तेच पुढे केलं, असं मित्र सांगतो.

शिवाय एक अडचण होती. जावयाच्या घरी बसून खायचं नाही, हे त्यांच्या घराण्यात ठरलेलं. लेकीने समजावलं, रुसून पाहिलं, पण गडी ऐकेना. शेवटी त्यांनीच तोड काढली. जावयाच्या घरी ते राहणार, जेवणार, पण ड्यूटीवर असल्यासारखे. आणि ड्यूटी करायला त्या घरात एक गोष्ट अगदी आयती होती.

इथली बहुतेक घरं रेडिएटरने गरम होतात. आमच्या घराच्या मागच्या खोल्यांपर्यंत मात्र रेडिएटरची नळी कधी पोचलीच नव्हती. तिथे फार पूर्वी कोणीतरी गॅसचे हीटर बसवले होते, खाली एक आणि वर एक, आणि दोन्हींना धुराडं नव्हतं. म्हणजे जळलेल्या गॅसचं जे काही होईल ते खोलीतच. आम्हा इंजिनिअर लोकांना त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. ज्या प्रांताच्या पोटातून देशभराचा गॅस निघतो तिथे गॅसचा हीटर असायचाच, एवढाच आमचा अभ्यास. सासरेबुवांनी पहिल्याच दिवशी, अंगातला कोटही न काढता, हीटरसमोर उकिडवं बसून पाच मिनिटं ज्योत पाहिली. मग त्यांनी दोन हीटरना युनिट एक आणि युनिट दोन अशी नावं दिली आणि सुपरमार्केटमधून चौकटींची एक वही आणवली.

त्या वहीत पाच रकाने होते: वेळ, ज्योत, खिडकी, माणसं आणि पाहणारा. सकाळी सातपासून दर दोन तासांनी नोंद. ‘ज्योत निळी, खिडकी वीतभर, माणसं दोन अधिक एक.’ हा अधिक एक म्हणजे हीटर. “आग आपल्यासारखीच असते, पाव्हणं,” तिसऱ्या हिवाळ्यात ते मला म्हणाले, “तिलाबी श्वास लागतो. खोलीत तुम्ही दोघं, बाळ, आणि हा. चौघं एका हवेवर जगताय. खिडकी लावून घेतली की चौघांच्यात भांडण, आणि त्या भांडणात हा कधीच हरत नाही.” तेव्हापासून आमच्याकडे कितीजण राहता असं कोणी विचारलं की माझी बायको गमतीने चार सांगायची.

त्यांचे नियम थोडे होते, पण त्यांत सूट नव्हती. खिडकी वीतभर उघडी, आणि वीत त्यांची, आपली नाही. खिडकीवरची हवेची जाळी मोकळी. हीटर चालू ठेवून झोपायचं नाही. पडदा, खुर्ची, वर्तमानपत्र तीन हातांच्या आत आणायचं नाही. आमच्या तान्ह्या रेवाची धुतलेली झबली हीटरवर वाळत घातलेली दिसली की ते एकेक उचलून घडी घालून ओलीच बायकोच्या हातात देत. ज्योत पिवळी दिसली की हीटर बंद आणि माणूस बोलवायचा. तो इथला मेकॅनिक दर वर्षी आलाच पाहिजे, आणि आला की त्याच्या पाठीशी उभं राहायचं. घरात सगळ्यांचं एकदम डोकं दुखायला लागलं आणि बाहेर गेल्यावर थांबलं, तर औषध शोधायचं नाही, हीटर शोधायचा. ‘हवा कोंडली की हीटरमधून जो विषारी वायू निघतो तो दिसत नाही, वासही येत नाही,’ असं ते पुन्हा पुन्हा सांगत.

कोणाकडे जेवायला बोलावलं तर पाणी घेण्याआधी ते स्वयंपाकघरात जाऊन शेगडीची ज्योत बघून येत. त्यांच्या एका नातलगाकडे, अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या डीमनला, आम्ही सगळे गेलो होतो. त्या नव्या इमारतीत गॅसच नव्हता, सगळं विजेवर. सासरेबुवा दिवसभर इतके उदास होते की यजमानीणबाईंना वाटलं जेवण आवडलं नाही. जावयाच्या वाढदिवसाला तर त्यांनी कहर केला. केकवरची मेणबत्ती पेटली, सगळे गाणं म्हणायला लागले, आणि यांनी पुढे होऊन तिच्यावर पाण्याचा रिकामा पेला पालथा घातला. ज्योत मलूल झाली, विझली. “बघितलंत? बंद खोली,” असं म्हणून ते जागेवर जाऊन बसले. वाढदिवसाच्या दिवशी दिवा विझवला म्हणून लेक दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. त्यांना त्याचं वाईट वाटलं, पण प्रयोग चुकला असं काही त्यांनी कबूल केलं नाही.

आणि त्यांचा सगळ्यांत मोठा हट्ट म्हणजे ज्योत ते स्वतःच पाहणार. मी कितीदा म्हटलं की काका, जिना चढून येऊ नका, मी वरून सांगतो ना निळी आहे म्हणून. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं: “दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघितलेली ज्योत मी वहीत लिहीत नाही.” पाहणारा या रकान्यात तीन हिवाळे एकच सही होती. कारखान्यात चौतीस वर्षं तसंच चाललं होतं म्हणे. दुखऱ्या गुडघ्यांनी ते दर दोन तासांनी आमचा जिना चढत, आणि खरं सांगायचं तर आम्हाला त्यांचा कंटाळा यायला लागला होता. बाहेर उणे सहा, आणि आमच्या खिडकीतून वारा आत येऊन रेवाच्या पाळण्यापर्यंत पोचतोय. त्यांनी स्वतःच्या पैशाने आणून लावलेला त्या विषारी वायूचा, कार्बन मोनॉक्साइडचा, अलार्मही मला डोक्याला ताप वाटायचा.

तर त्या तिसऱ्या हिवाळ्यात संक्रांत आली आणि आम्ही रेवाचं बोरन्हाण करायचं ठरवलं. आठ महिन्यांची होती ती. खोली मोठी म्हणून मागचीच घेतली. आदल्या दिवशी मी सजावटीला लागलो. हवेच्या जाळीतून बर्फासारखा झोत येत होता, म्हणून मी ती पॅकिंगच्या चिकटपट्टीने पूर्ण बंद केली आणि सासरेबुवांना दिसू नये म्हणून तिच्यावर रंगीत कागदाचे पतंग चिकटवले. दिव्यांच्या माळेला सेल कमी पडले, ते अलार्ममधून काढले. आणि एवढ्यावर थांबलो नाही. त्यांनी येऊन खिडक्या उघडल्या तर पाहुण्या गारठतील म्हणून मी त्यांना कार्यक्रमाची वेळ एक तास उशिराची सांगितली. ही तिन्ही कामं मी एम.टेक. झालेल्या हातांनी केली.

दुपारी चार वाजता, त्यांची तीनची नोंद होऊन गेल्यावर खिडकी पुन्हा लावून, चौदा बायका, सहा मुलं, मी आणि पूर्ण मोठा करून ठेवलेला हीटर असे आम्ही त्या खोलीत बसलो होतो. रेवाला काळं झबलं घातलं, हलव्याचे दागिने घातले, पाटावर बसवलं. डोक्यावर चुरमुरे, बोरांच्या ऐवजी द्राक्षं आणि चॉकलेटं ओतली. एरवी टोपी घातली तरी घर डोक्यावर घेणारी पोरगी, पण हूं की चूं केलं नाही तिने. नुसती मान कलती करून बसली होती. किती शहाणी, किती शांत आहे, असं सगळ्या म्हणायला लागल्या. मला अभिमान वाटला. बायकोचं सकाळपासून डोकं दुखत होतं, ते आम्ही धावपळीवर ढकललं होतं.

सासरेबुवा त्या वेळी मागच्या बागेत शतपावली घालत होते. त्यांनी सहज वर पाहिलं, तर आमच्या खिडकीच्या काचेवरून आतल्या बाजूने पाण्याचे ओघळ वाहताना दिसले. धुराडं नसलेल्या हीटरची वाफ बाहेर जायला वाट नसली की ती काचेवर उतरते, हे त्यांना माहीत होतं. ते गुडघे त्या दिवशी तो जिना कसे चढले मला ठाऊक नाही. दारात उभं राहून त्यांनी आधी हीटरकडे पाहिलं. ज्योतीची टोकं पिवळी झाली होती. मग त्यांनी शांतपणे विचारलं की कोणाकोणाचं डोकं दुखतंय. एक हात वर झाला, मग दुसरा, मग सात-आठ. बायका एकमेकींकडे बघून हसायलाही लागल्या.

ते हसले नाहीत. त्यांनी हीटर बंद केला, खिडकी वीतभर नाही, सताड उघडली आणि पाटावरून रेवाला उचललं. माझी बायको म्हणाली, “काका, असू द्या ना, किती शांत बसलीय ती.”

“ती शांत न्हाई, पोरी,” ते म्हणाले. “सगळी खाली चला. आत्ता. चपला राहू द्या.”

आणि चौदा जरीच्या साड्या, सहा मुलं आणि मी, सगळे मोज्यांवर बागेतल्या बर्फात जाऊन उभे राहिलो. सासरेबुवांनी रेवाला स्वतःच्या कोटात घेतलं होतं, तोंड तेवढं बाहेर. ती डोळे मिटत होती आणि ते तिच्या गालावर टिचक्या मारत होते. जाळी, सेल, एक तास, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही, पण मग त्या थंडीने तिने एकदम तोंड वेडंवाकडं केलं आणि जे भोकाड पसरलं ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. बायको तिला घ्यायला धावली. “रडू दे,” सासरेबुवा म्हणाले, आणि रडतीच तिला बायकोच्या हातात दिली.

अग्निशमन दल आलं, अ‍ॅम्ब्युलन्स आली. हॉस्पिटलमध्ये रेवाला आणि बायकोला रात्रभर ऑक्सिजनवर ठेवलं, बाकीच्यांना तपासून सोडलं. सकाळी डॉक्टर म्हणाले की अजून अर्धा तास गेला असता तर ते माझ्याशी वेगळं बोलत असते. मी घरी परतल्यावर दलाच्या उंचच्या उंच अधिकाऱ्याने पुन्हा हवेचं मापन केलं, पतंगांमागची चिकटपट्टी काढून माझ्या हातात दिली, आणि विचारलं की हे ओळखलं कोणी. मी सासरेबुवांकडे बोट दाखवलं. त्यांनी न विचारताच वही पुढे केली. अधिकाऱ्याला मराठीतलं अक्षरही वाचता येत नव्हतं, पण रकाने, वेळा आणि शेकडो सह्या कोणालाही कळतात. त्याने तीन-चार पानं उलटली, हातमोजा काढला आणि सासरेबुवांशी हात मिळवला. ताठ उभा राहून, वरिष्ठाशी मिळवावा तसा. मी सासरेबुवांना एक तास उशिराची वेळ सांगितली होती, आणि तरी त्या क्षणी मला त्यांचा इतका अभिमान वाटला, जसे काही ते माझेच वडील होते. नंतर मी सगळं कबूल केलं. ते एवढंच म्हणाले की पाव्हणं, पतंग चांगले झाले होते.

तो हीटर त्याच आठवड्यात निघाला. पुढच्या वर्षी सासरेबुवा आले नाहीत. आधी गुडघे, मग डोळे. डोळ्यांच्या मागचा पडदाच खराब झालाय, ऑपरेशनचा उपयोग नाही, असं मित्राने सांगितलं. पण रविवारी ते आम्हाला व्हिडिओ कॉल करतात, आणि पहिला प्रश्न ज्योतीचा असतो. ती नाही म्हणून मी एकदा रेडिएटर दाखवला तर त्यांचा चेहरा डीमनला झाला होता तसा झाला. तेव्हापासून आम्ही स्वयंपाकाच्या शेगडीसमोर फोन धरतो. ते चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीन नाकाला लावतात, बराच वेळ बघतात आणि ‘निळी’ म्हणतात. अजून वही ठेवतात ते, फक्त नोंद आता आजी, म्हणजे त्यांच्या पत्नी, लिहितात.

गेल्या रविवारी मी फोन धरला तर त्यांनी दोनदा स्क्रीन पुसली. मग म्हणाले की नुसता उजेड दिसतोय, रंग कळत नाही. मी निळी आहे म्हणणार होतो, पण माझ्या तोंडून ते निघेना. ज्याने एकदा जाळी बंद करून वर पतंग लावले त्याने काय सांगायचं. रेवा माझ्या शेजारी स्टुलावर उभी होती. सहा वर्षांची आहे आता. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये येतं. रोज शाळेत जाण्याआधी मागच्या खोलीची खिडकी तीच उघडते, स्वतःची वीत लावून.

“कसली हाय गं?” त्यांनी तिला विचारलं.

तिने वाकून, मान फिरवत, ज्योत चारही बाजूंनी नीट पाहिली. “ब्लाउ, आजोबा,” ती म्हणाली, आणि मग त्यांच्यासाठी मुद्दाम मराठीत, “निळी आहे. सगळीकडून.”

मग ते मागे वळून आजींना म्हणाले, “लिही. ज्योत निळी.” आजींनी विचारलं की सही तुमचीच ना. “न्हाई,” ते म्हणाले. “पाहणाऱ्याच्या रकान्यात रेवाचं नाव लिही.”