बैलांच्या दलालाची जीभ

आमचे मालक वडवणीच्या बाजारात बैलांची दलाली करायचे. लंगडा बैलसुद्धा त्यांच्या तोंडून ऐकला की शर्यतीचा वाटायचा. डाव्या गालात तंबाखूचा बार कायम, अगदी झोपेतही. त्याच बाजूला एक तुटकी दाढ होती. एका उन्हाळ्यात तिच्या शेजारी, जिभेच्या कडेला, चट्टा उठला.

सासूबाई म्हणाल्या, "लंगड्या बैलाचा तळतळाट हाय ह्यो." म्हणून कपिलधारच्या धबधब्याखाली आंघोळ झाली. बीडच्या हकिमाचं औषध झालं, बाभळीच्या सालीच्या गुळण्या झाल्या. चट्टा जागचा हलला नाही. मग एक दिवस त्यांनी ठेचा बाजूला सारला आणि दूध-भाकरी मागितली. माझे वडील तोंडातल्या चट्ट्यापायी असेच दूध-भाकरीवर आले होते. 'जाईल, जाईल' म्हणत राहिले आणि मानेत लिंबाएवढी गाठ आल्यावर दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी त्यांना तसंच परत पाठवलं होतं.

मी मालकांना अंगणात उन्हाला बसवलं. "जीभ काढा भाईर." चट्ट्याखाली बोटाला कवडीसारखं टणक लागलं. ते मला कडकडून चावले.

"नगरच्या दवाखान्यात जायचं," मी म्हणाले.

"कावून? फोड तर हाय!"

"मग तुमी दवाखान्यात येस्तोवर चूल बंद हाय."

दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली. तंबाखू सोडल्याची शपथ त्यांनी दारातच घेतली. आष्टीच्या पुढं निजामाची हद्द संपायची, तिथल्या नाक्यावर शिपायानं सामानाची झडती घेतली. त्यानं उशी दाबली, उसवली आणि आतून तंबाखूची पानं काढली.

"ये क्या है?"

मालक म्हणाले, "साहेब, उशी माझ्या सासुरवाडीची हाय."

मी सगळी पानं शिपायाला देऊन टाकली. त्यानं मला सलाम ठोकला. मालक नगर दिसेपर्यंत उसवलेली उशी मांडीवर घेऊन बसले.

दवाखान्यातला गोरा डॉक्टर मराठी बोलायचा. त्यानं मान नीट चाचपली. "गाठ नाही, जखमही लहान आहे. लवकर आलात म्हणून कापून निघेल. पण पुन्हा तंबाखू धरलीत तर माझे कष्ट वाया."

"जीभ किती जाईल?"

"डावी कड."

"मंग उजवीकडनं बोलतो."

क्लोरोफॉर्म द्यायच्या आधी मात्र त्यांनी चादरीखाली माझा हात धरला. दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात, तशी माझी बोटं दाबू लागले. चार माणसांत त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता. ती खूण मला वाचता येत नव्हती. मी आपली सगळीच बोटं त्यांच्या मुठीत दिली.

बरेच दिवस चमच्यानं दूध पाजलं. पहिला शब्द फुटला तो शिवीचा. पण त्यातली निम्मी अक्षरं जिभेबरोबर गेलेली, त्यामुळं नर्सबाईला वाटलं, देवाचं नाव घेतायत. तिनं हात जोडले.

ते नातवंडं खेळवण्याइतके जगले. दरवर्षी दिवाळीनंतर नगरला जाऊन मान दाखवून यायचे. बाजारात कोणी तंबाखू मळताना दिसला की समोर उभं राहून 'आ' करायचे आणि उरलेली जीभ दाखवायचे. माणूस दचकून चिमूट टाकून द्यायचा. मालकांची पाठ वळली की पुन्हा मळायला घ्यायचा. पण मालक जन्माचे दलाल, पाठ वळल्यावर गिऱ्हाईक काय करतं ते त्यांना ठाऊक. चार पावलांवर मागं वळून बघायचेच, आणि परत येऊन दुसऱ्यांदा 'आ' करायचे.