माठातलं गार पाणी

हे मी कधीच बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. देवासमोर हात जोडले तेव्हाही — तिथेही मी विषय बदलतच आले. आज तुम्हाला सांगायला बसलेय. भीती वाटते. कुणाची, ते विचारू नका. आता मला नोकरीवरून काढायलाही कुणी उरलेलं नाही.

मी रसायनशास्त्र शिकवायचे. सत्तरच्या दशकाची सुरुवात, नागपुरातलं एक कॉलेज, आणि माझी नेमणूक तात्पुरती, एका वर्षापुरती. बाईमाणसाला प्रयोगशाळा झेपत नाही, असं विभागप्रमुख सरांनी मला पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं. तेव्हापासून व्हरांड्यात त्यांच्या चपला वाजल्या, की मी हातातलं काम घाईघाईनं उरकायला लागायचे. हे निमित्त म्हणून सांगत नाही. किंवा — सांगतही असेन. खरं बोलायला बसलं तरी माणूस आधी स्वतःची बाजू मांडून घेतोच, नाही का?

एप्रिल होता. आमच्याकडे एप्रिलात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं, की नळाखाली हात धरवत नाही. उष्णतेचे प्रयोग करायचे तर सुरुवातीचं पाणी गार हवं. म्हणून लॅबच्या कोपऱ्यात ओलं फडकं गुंडाळलेला एक माठ असायचा; प्रयोगाला पाणी घ्यायचं ते त्यातलंच. त्या दिवशी पाण्यात सल्फ्युरिक ॲसिड मिसळलं की तापमान किती चढतं, ते मुलांना दाखवायचं होतं. पाण्याचा विशिष्ट उष्मा मोठा, म्हणजे ते पुष्कळ उष्णता पिऊन बसतं आणि स्वतः बेताबेतानं तापतं. म्हणून आधी भरपूर पाणी, मग त्यात थेंबाथेंबानं ॲसिड. उलटं केलं, तर वर पडलेलं थोडंसं पाणी क्षणात उकळतं आणि ॲसिड घेऊन अंगावर उडतं. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आदल्याच दिवशी मी ते फळ्यावर लिहून दिलं होतं.

पण माठ रिकामा निघाला. मुलांनीच पिऊन संपवला होता. उन्हातून आलेली पोरं, त्यांना काय बोलणार? शिपाई पाणी आणायला गेला. तास संपत आलेला, आणि सर प्रयोग बघायला येणार होते. वेळ वाचवावा म्हणून मी ॲसिड मोजून आधीच काचेच्या भांड्यात ओतून ठेवलं, थर्मामीटरसुद्धा लावून टाकला. पाणी आलं तेव्हा ते सगळं मोडून पुन्हा मांडायला हवं होतं. पाचच मिनिटांचं काम. तेवढ्यात व्हरांड्यात चपला वाजल्या.

सुशीला पुढच्याच बाकावर होती. उमरेडची मुलगी, रोज एसटीनं यायची. आईवडील हातमागावर विणायचे. छप्पन्न साली दीक्षा घेतलेलं घर, आणि त्या घरातून सायन्सला आलेली ती पहिली. मी पाण्याचं भांडं तिच्या हातात दिलं. म्हटलं, "घाल यात. हळूहळू."

ती थांबली. "मॅडम, ॲसिड पाण्यात टाका लागते ना?"

"सांगितलं तेवढं कर."

तिनं केलं. उडालं ते तिच्या गालावर आणि उजव्या डोळ्यात. मी तिला ओढून जमिनीवर निजवलं आणि नुकतंच आलेलं ते गार पाणी तिच्या डोळ्यांवर ओतत राहिले. ती किंचाळत होती. सर दारात उभे. "हे कसं झालं?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि मी म्हणाले — "मी सांगितलं होतं, सर. हिनं ऐकलं नाही."

त्यांनी पुढे एक प्रश्नही विचारला नाही. "या लोकांच्या मुलींना कशाला सायन्सला धाडतात," म्हणाले. या लोकांच्या म्हणजे कुणाच्या, ते मला बरोबर कळलं. आणि खरं सांगू? माझ्या जिवात जीव आला. बाकीची मुलं गप्प राहिली. त्यांचे प्रॅक्टिकलचे मार्क माझ्या हातात होते.

वाटलं ना, झाली कबुली? नाही झाली. खोटं मी एका क्षणात बोलून गेले, घाबरून. पण त्याआधी — ते पाण्याचं भांडं माझ्याच हातात होतं हो. काय होऊ शकतं, हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. म्हणूनच मी ते तिला दिलं. आणि मागे सरकले.

रामदासपेठेतल्या दवाखान्यात तिला बघायला गेले, ते काळजीनं नव्हे. हिला काय आठवतंय, एवढंच मला बघायचं होतं. तिच्या आईनं मला पाहताच माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही पाणी टाकलं म्हून माह्या पोरीचा दुसरा डोळा राह्यला जी." मी हात सोडवून घेतले नाहीत. सुशीलाचा अर्धा चेहरा बांधलेला होता. ती म्हणाली, "मॅडम, मले धड आठवून नाही राहिलं. मीच चुकली ना?"

मी म्हटलं, "हो."

गणित चुकलं की फळ्याकडे बघून मान हलवायची, तशी तिनं मान हलवली. ती पुन्हा कॉलेजात आली नाही. मी पुढच्या वर्षी कायम झाले.

दर वर्षी तो धडा यायचा. मी वर्गाला बजावायचे — ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडात कधीच नाही. आणि पुढे जोडायचे, "एका मुलीनं माझं ऐकलं नव्हतं. डोळा गेला तिचा." कुणी विचारलंही नव्हतं, मग मीच का सांगायचे? खाई त्याला खवखवे, दुसरं काय. शिवाय वाटायचं, पुष्कळदा सांगितलं की तेच खरं होऊन जाईल. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. मॅडम काळजीनं शिकवतात, असं नाव झालं माझं.

मग एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, ती माही मावशी होय. उमरेडची."

संपलं, वाटलं. सगळा वर्ग तिच्याकडे वळून बघत होता.

"तिनंच मले इथं पाठवलं," मुलगी म्हणाली. "म्हणते, त्याच मॅडमपाशी शिकजो. त्याइचं ऐकलं असतं तं माहा डोळा गेला नसता."

मी तिला म्हटलं, "बस खाली." आणि वर्गाला म्हटलं, "ऐकलंत ना?"